लक्समीटर

ब्रॅडफर्ड. नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे.
गझनफरमियाँच्या शिलाई कारखान्यात
टेबलाटेबलावर मी मीटर ठेवत जाते.

ल्यूमेन म्हणजे?
दिव्यानं सांडला तेवढा सगळा.
“नूर,” ते वहीत उजवीकडून लिहितात.
आणि लक्स?
त्यातला कापडापर्यंत पोचला, तो.
पेन थांबतं. “तनवीर.”
मग, वहीतच बघत : “बहिणीचं नाव.”

खिडकीपासची तिची मशीन. अजून दोरा ओवलेला.
कॉलर डोळ्यांना लावून शिवायची, म्हणतात,
आम्ही हसायचो.

सुईखाली एकशेचाळीस.
पाहिजेत साडेसातशे.

“तुमच्यात काय म्हणतात?”
उजेड.
“कशाला, नूरला की तनवीरला?”
दोन्हीला उजेडच, मियाँ.

ते आकडा बघायला वाकतात,
सावली पडते,
एकशेदहा.