अपेक्षित उत्तर

पान सत्तेचाळीस. आज्ञा द्या, पडद्यावर असं दिसेल,
आणि खाली करड्या चौकटीत
चौदा चाचण्या, चौदाही पास,
शून्य पूर्णांक आठ सेकंद.

दिसत नाही.
पाच वर्षं झाली, तसं दिसत नाही.
चाचण्या आता एकशे सहा,
दोन गाळलेल्या, एक पिवळी सूचना,
आणि ‘पास’ हा शब्दही आम्हीच
मागच्या दिवाळीत बदलला.

काटोलहून रोज येणारी प्रणोती उईके
दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलापाशी उभी,
ओढणीनं मानेवरचा घाम टिपत:
“सर, माह्यंच काही चुकून राहिलं का?
पुस्तकात त चौदा आहेत.”
दोन रात्री तिनं सगळं पुसून
पुन्हा पहिल्यापासून बसवलं होतं.
पुस्तक खोटं बोलत असेल
असं एकदाही तिच्या मनात आलं नाही.

मे महिना. परसोडीची काचेची इमारत
सकाळी दहालाच तापलेली.
खाली टपरीवर उखाणे भाऊंचा पत्रा:
तर्री पोहे बारा रुपये.
पोहे तीसचे. आम्हाला सगळ्यांना ठाऊक.
एकदा एक पोरगा नेमके बारा मोजून उभा राहिला
आणि भाऊंनी पत्र्याकडे नाही,
त्याच्याकडे बघितलं.

मी पान उघडलं.
चौकटीतली पहिली ओळ इतक्या वर्षांत
कधी नीट वाचलीच नव्हती:
होम, तिरकी रेघ, निनावे, तिरकी रेघ, चाचण्या.

भोजराज निनावे.
त्याच्या यंत्रावरून उचललेलं हे उत्तर,
कुठल्याशा मंगळवारी, चार सतराला.
महालातून सायकलनं यायचा,
डब्यात वडाभात, वर कच्चं तेल,
आणि चाचणी फुटली की खूश होऊन म्हणायचा,
“बोलली, बाप्पा!”
दुसऱ्या लाटेत गेला.
चौकटीत अजून चार सतराच.

हात थांबला. सांगायला लाज नाही.
चहा आणला, तो निवला.
मग त्या दोन रात्री आठवल्या,
काटोलच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत,
पडद्याशी चौदा जुळवू पाहणाऱ्या.

नवं उत्तर हातानं चिकटवलं नाही.
चिकटवलेलं वाळतं.
आता रोज रात्री दोनला यंत्रच
पानावरची आज्ञा चालवतं,
जे आलं ते पानाशेजारी धरतं,
अक्षर हललं तरी लाल होतं.
सेकंद रोज वेगळे येणार,
घरं ज्याची त्याची वेगळी,
तिथे तीन टिंबं ठेवली.
टिंबं म्हणजे इथे काहीही आलं तरी चालेल,
घाबरू नका, तुमचं चुकलेलं नाही.
निनावेचं घरही
त्यातल्याच एका टिंबाखाली गेलं.

काल रात्री यंत्र लाल झालं.
एकशे सहा नव्हे, एकशे सात.
सातवी प्रणोतीची:
चाचणी लिहिली, पानाला सांगायची राहिली.
सकाळी ती ओशाळून आली
आणि मी एकदम मोठ्यानं म्हणालो,
“बोलली, बाप्पा!”

“कोण, सर?”