तें

शिकवणी आटोपून वळवईच्या धक्क्यावर येते मी,
साडेआठची फेरी लागलेली असते.
रोहिदास तारी साखळी अडकवतो,
हात पँटला पुसतो, फोन पुढे करतो.
"मॅडम, पळयात मात्शें. काल रातीं बरयलां."

एकतीस वर्षं पणजीत प्रुफं तपासली मी.
तांबडी शाई बोटांवरून गेली, डोळ्यांतून नाही.
अजून एखाद्या पाटीवर 'ताजि भाजी' दिसली
की अंगठा आपोआप हलतो,
हवेतच ऱ्हस्वाचं दीर्घ करतो.

रोहिदासच्या नदीला कायम ऱ्हस्व दि.
त्याचं पाणी पाणि, त्याची होडी होडि.
पूर्णविराम तो देतच नाही,
वाक्य सुर्ल्याहून सुटतं ते एका दमात
वळवईच्या धक्क्यावर येऊन आपटतं.
लोक मात्र वाचतात.
कुवेतला गेलेले वाचतात,
बार्जवरचे जुने खलाशी मध्यरात्री उत्तरं धाडतात
त्याच्याहून अशुद्ध.

आधी मला वाटायचं, काय बिघडतं?
नाही, खोटं बोलतेय. असं मला कधीच वाटलं नाही.
काय बिघडतं ते ठाऊक होतं:
एकदा माझ्या नजरेतून सुटून
एका धडधाकट माणसाच्या नावाआधी 'कै.' छापून गेलं.
दुसऱ्या दिवशी तो अंक घेऊन आला,
काउंटरवर ठेवला, म्हणाला,
"बायकोने आज दोनदा हात लावून बघितलं मला."
आम्ही सगळे हसलो.
तो हसला नाही.

म्हणून रोहिदासचं सगळं नीट करत गेले.
तोही मुकाट्याने करू द्यायचा,
केस कापून घेणाऱ्या मुलासारखा.

मग कार्तिकात त्याने बहिणीवर लिहिलं.
बावीस वर्षांची. उसगावच्या रस्त्यावर,
खनिजाच्या ट्रकाखाली.
पण ट्रकाबद्दल एकच ओळ होती. बाकी हे:

तें सकाळीं आंगणांत केंस सुकवी
तें हसलें की कोंबडीं पळत

मी केलं:
ती सकाळी अंगणात केस सुकवायची.
ती हसली की कोंबड्या पळायच्या.
टिंबं झाडून टाकली, तांदळातले खडे निवडावेत तशी,
आणि दोन पूर्णविराम दिले. माझ्याकडचे.

त्याने वाचलं. फेरी नदीच्या मधोमध होती.
पुन्हा वाचलं.
"ही कोण?"
इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.
"ताका आमी केन्नाच 'ती' म्हणूंक ना."

मला ठाऊक नव्हतं थोडंच.
माझी आई दारात उभी राहून विचारायची,
"तें खंय गेलां?"
तें म्हणजे मी. लग्न होईपर्यंत मी तेंच होते.
छापखान्यात पहिल्या दिवशी छत्रीबरोबर
ते टिंबही बाहेर ठेवलं असणार,
संध्याकाळी छत्री तेवढी उचलली.

टिंबं परत दिली, एकेक.
माझे पूर्णविराम काढून घेतले.
मग वर गेले, शीर्षकाकडे.
तिथे नाव होतं: शिला.
"हे मात्र बदलायलाच हवं," मी म्हटलं.
"शीलाची शी दीर्घ. ही शिला म्हणजे दगड."

तो त्या दोन अक्षरांकडे बघत राहिला.
सुर्ल्याचा दिवा जवळ येत होता.
"दगड कित्याक," म्हणाला. "दगड कित्याक जातलें तें."
आणि डिझेलचा वास येणाऱ्या जाड अंगठ्याने
दीर्घ वेलांटी शोधू लागला.
सापडेना.
मी दाखवली कुठे असते ती.

मागे स्कूटरवाले हॉर्न मारायला लागले.
तो फोन खिशात टाकून साखळी सोडायला गेला.
तिसऱ्या ओळीत 'नदि' तशीच राहिली होती.
पाहिली होती मी.
अंगठा मुठीत दाबून धरला
आणि उतरले.