पोटात पाय

सोली मेहेरहोमजींची कवळी मी फेब्रुवारीत घडवली.
वरची पूर्ण, खालची अर्धी.
बिलही त्यांनी अर्धंच दिलं.
उरलेल्यापोटी श्रीखंडाच्या डब्यात खारं पाणी,
पाण्यात जांभळ्या पोवळ्याचा तुकडा,
बिस्किटाएवढा.
"मोंटीपोरा." नव्या दातांत 'ट' अडखळला.
"पावती नको मागू हां, दातवाली."

आईच्या बोटात पोवळं होतं,
मंगळाला शांत ठेवायला
सोन्यात जखडलेलं. मेलेलं.
माझं जिवंत.
माझगावच्या दोन खोल्यांत, फ्रिजला लागून
तीन फुटांची काच, निळा दिवा,
चार वेळा गाळलेल्या पाण्यात
वजन करून घातलेलं मीठ.
लाईट गेली की मी आधी पंप बघते,
मग माणसं.

एप्रिलमध्ये कडेला डाग पडला.
रंग ओळखणं हा माझा धंदा आहे.
शेड गाईडवर सोळा दात ओळीनं बसलेले असतात,
सिगारेटवाल्यांचे, चहावाल्यांचे,
आणि नवरदेव मागतात तो बी-वन.
हा पांढरा त्यात नव्हता.
कुणीच मागणार नाही असा पांढरा.

रात्री दोनला
टॉर्चवर लाल जिलेटीन गुंडाळून वाकले.
ताटलीच्या खालच्या अंगाला
तांदळाच्या कणीएवढी,
पाठभर झालर,
शंख कधीकाळी कुठेतरी टाकून आलेली
गोगलगाय.
पाच. नाही, सात.
शेजारी अंडी,
साबुदाणा पुसट झाल्यासारखी.

गोगलगाय अन् पोटात पाय,
आई धाकट्या काकूला म्हणायची.
पण हिला खरंच पोट सोडून पाय नाही.
जेवते त्यावरच चालते,
चालते तेच संपवते.
सगळ्या समुद्रात हिला
हे एकच अन्न ठाऊक.
आणि मी दिवसभर दात घासून-पुसून देते
त्यांना, ज्यांना चिक्की हवी, नळी हवी,
ऊस सोलून हवा.

आयोडीन टाकलं, पाणी कोऱ्या चहासारखं झालं.
तुकडा हलवला, त्या सुटून तळाशी गेल्या.
अंडी सुटली नाहीत.
अंड्यांना औषध पोचत नाही,
म्हणून मेण कोरायची माझी सुई घेतली
आणि ज्या हातानं दाढेच्या घळी कोरते
त्याच हातानं खरवडलं.
पाच दिवसांनी पुन्हा.
परत पाच दिवसांनी.

एक मात्र वाटीत ठेवली होती.
का, ते विचारू नका.
खाडी दहा मिनिटांवर,
पण तिथलं पाणी हिच्या गावचं नाही,
आणि परक्या पाण्यात काही सोडू नये
एवढं मला कळतं.
वाटीच्या कडेकडेनं ती फिरत राहिली,
काचेसारखी होत गेली.
सातव्या दिवशी फिरली नाही.

मग सुचलं, सोलींकडे बघायला हवं.
रविवारी पारसी कॉलनीत गेले.
सहा फुटांची टाकी, भिंतभर.
सगळी पांढरी.
फांद्या, ताटल्या, घुमट,
साचा काढून ठेवलेल्या प्लास्टरसारखं सगळं.
खालच्या बाजूला न बघताही
मला माहीत होतं तिथे कोण आहे.
सोली खुर्ची ओढून बसले,
दोन्ही डोळ्यांत दूध उतरलेलं.
"बघ, जांभळा कसा पेटलाय.
संध्याकाळी जास्त खुलते."
कवळी छान बसली होती.
'स' स्वच्छ येत होता.

मी म्हटलं, जिवंत काही आता लावू नका.
दोनेक महिने तरी.
नवं काहीच नको.
आपोआप उपाशी... म्हणजे,
पाण्याला जरा विश्रांती.

ते हसले, सगळे माझे दात दाखवत.
"लावू कुठे, दातवाली?
जागा आहे का?
बघ ना, किती भरलंय."