सूत मोजायचं भिंग

मल्लेशम मामाच्या मागे माझ्या नावावर आलं ते एवढंच:
विकलेल्या मागांच्या दोन पावत्या
आणि चादरीत गुंडाळलेली ही छातीएवढी बंदूक.
परवान्याच्या अर्जात रकाने आहेत. बनावट, बोअर, क्रमांक.
आधीच्या कारकुनाने लिहिलंय, ‘विलायती, जुनी’.

सात रस्त्यावर दस्तगीरभाईंनी
नळीतून शिशाचा गोळा ढकलून काढला, कॅलिपर लावला.
आठ मिलिमीटर, आणि वर जराशी मिजास.
‘ही माणसावर धरायची नाही. कागदावर धरायची.’
दोन चाप: मागचा ओढला की पुढचा इतका हळवा
की खोकला आला तरी सुटेल.

रात्री मामाचं भिंग काढलं,
इंचातलं सूत मोजायचं.
लाकूड उतरवलं. नळीच्या पोटाला
मुकुट, खाली यू. मुकुट, खाली जी.
मग गावाचं नाव, जर्मन; उच्चार म्हणे ‘झूल’.
झूल!
आमच्याकडे ती बैलाच्या पाठीवर असते.

कोण साहेब, कुठल्या मिलचा फिटर,
मामाच्या आजोबांना, जॉबर होते ते, ही का देऊन गेला
हे विचारायला कुणी उरलं नाही.

दस्त्याची पितळी पट्टी उघडली तर आत सुरळी:
निशाणाचा कागद. काळ्या वर्तुळात एकच भोक,
पाच वेळा पडलेलं.
पाठीवर तेलुगूत ताण्याचा हिशेब.
भिंग लावलं.
शाई भोकापाशी येते, थबकते,
वळसा घालून पुढे जाते.

म्हणजे आधी गोळी,
मग हिशेब.