दाब उतरल्यावर

रोवानिएमीला जानेवारीत दुपारी तीनलाच रात्र होते.
शेवटचं विमान शेडमध्ये आलं तेव्हा
उणे सत्तावीस होतं
आणि रेयोच्या मिशीवर दहिवर.

आधी डावं इंजिन बंद झालं, मग उजवं.
आवाज गेला, पण एकदम नाही;
कुणी दमलेलं माणूस जिना उतरावं तसा,
पायरीपायरीने.
मग नुसतं टिक्, टिक्,
तापलेला धातू थंडीला उत्तरं देत राहिला.

मी मागच्या बाजूला गेलो,
शिडी खांद्यावर, लाल झाकणं काखेत.
उजवा नोझल मिटलेला.
डावा सताड उघडा, आत काजळी,
विझलेल्या सौनाच्या भट्टीसारखी.
"हा बिघडलाय का?" मी विचारलं.
सक्तीच्या सैनिकी नोकरीतला माझा तिसरा आठवडा,
मला सगळंच बिघडलेलं वाटायचं.

"नाही," रेयो म्हणाला. "दाब उतरला
की ज्याचं त्याच्यावर सोडलेलं असतं.
पत्रे जिथे राहिले तिथे राहिले.
उद्या कदाचित उलटं."
मी त्यांना पाकळ्या म्हणायचो.
तो पत्रेच म्हणायचा.

मग त्याने हातमोजा काढला, त्या गारठ्यात,
आणि मिटलेल्या कडेपाशी तळवा धरला,
टेकवला नाही.
"घरी," तो म्हणाला,
आणि बराच वेळ पुढे काहीच नाही.
"घरी हेल्वीचं असंच.
डावा हात मिटून गेलाय, दोन वर्षं झाली.
उजवा पडलेला असतो चादरीवर, उघडा.
रात्री नखं तळव्यात रुततात,
म्हणून एकेक बोट सोडवून ठेवतो.
करंगळीपासून.
सकाळी परत मूठ."

बोलता बोलता तो झाकणाची दोरी बांधत होता.
गाठ दोनदा ओढून पाहिली.
मी एकोणीस वर्षांचा. मी काय बोलणार?
म्हणालो, "उजवीकडचं झाकण ढिलं बसतंय."
"मिटलेल्यावर ढिलंच बसतं.
ओढू नकोस."

दिवे घालवले तेव्हा
झाकणाखालून अजून एक टिक् आलं,
उशिरा, एकटंच.
आम्ही दोघंही थांबलो.
आणखी एखादं येईल असं वाटलं.
आलं नाही.

रेयोने अंधारातच हातमोजा घातला.
आधी करंगळी.