अकरा पावलं

माझा धंदा 'हलू नका'चा.
शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यामागं,
निळ्या पडद्यापुढं बावीस वर्षं माणसं बसवतोय:
हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका.
झालं.
आठ प्रती, साठ रुपये.

ती मात्र ऐकेना.

सिद्धार्थ उद्यान, ऑक्टोबर, सकाळचे आठ,
आणि उन्हाला आत्ताच दात आलेले.
महापालिकेच्या कॅलेंडरला वाघीण पाहिजे होती, महिना मे.
"बसलेली नको," खरातसाहेबांनी बजावलेलं,
"चालती. जोरकस."

पहिल्या दिवशी दोनशे चाळीस फोटो.
घरी उघडले तर
शेपूट. खांदा आणि शेपूट. फरपटत नेलेलं पिवळं फडकं.
एकात नुसतीच भिंत,
आणि भिंतीवर, आत्ता इथं कुणीतरी होतं, असं काहीतरी.
बायको डोकावून म्हणाली,
हे काय, हळद सांडली का?

दुसऱ्या दिवशी सेकंदाचे हजार तुकडे केले.
मग दोन हजार.
प्रत्येक तुकड्यात जाळी लख्ख आली,
तार न् तार, गंजाचा ठिपका न् ठिपका,
आणि पलीकडं वाघीण, चुलीच्या धुरासारखी.

हाशमभाई बाजूचा पिंजरा धूत होते,
नळीच्या तोंडावर अंगठा दाबून.
"तिला नक्को बघू," म्हणाले. "कोपरा बघ.
तू पळायलास तिच्या मागं. ती कुठं पळायली?
अकरा पावलं टाकती, वळती.
बारावं मी अजून बघितलं नाय."

मोजलं.
खरंच अकरा.
वळायच्या जागी फरशी झिजलेली,
खुलताबादच्या उंबऱ्यासारखी,
इतक्या येण्याजाण्यानं मऊ पडलेली
की तिथं पाणी साचून राहतं.

जाळी घालवायची युक्ती मला ठाऊक होती:
भिंग तारेला टेकवायचं, तोंड पूर्ण उघडायचं,
जवळचं सगळं विरून जातं.
पण त्यासाठी कठडा ओलांडावा लागतो.
हाशमभाईंनी आजूबाजूला पाहिलं, कडी काढली,
आणि मागून माझा शर्ट मुठीत धरून उभे राहिले,
विहिरीत वाकलेल्या पोराला धरतात तसे.

आठ. नऊ.
मी तिच्याकडं बघत नव्हतो.
झिजलेल्या फरशीवर, साचलेल्या पाण्यावर नजर ठेवून
श्वास धरलेला.
दहा.
आधी वास आला.
मग पाणी हललं, आणि ती माझ्या चौकटीत
स्वतःहून आली:
एक पंजा हवेत, तोंड वळून चुकलेलं,
पाठ अजून यायचीच होती.

एकच फोटो. मिशीचा केस न् केस.

जाळीचा मागमूस नाही. मागची शेवाळलेली भिंत
अशी विरघळली की जंगलच वाटावं.
मे महिना दुकानात टांगला.
गिऱ्हाईकं विचारायची, "ताडोबा का हो?"
मी मान हलवायचो.
हो की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

त्याच महिन्यात हाशमभाई आले,
पेन्शनच्या कागदांना फोटो पाहिजे म्हणून.
डोक्याला तेल, नवा सदरा, घडीच्या रेघा तशाच.
स्टुलावर बसले आणि समोर त्यांना ती दिसली.

"चांगली आली बाई."
मग थोड्या वेळानं,
"जाळी कुठं गेली?"
घालवली, म्हणालो.

बराच वेळ बघत राहिले.
कुलर घरघरत होता. बाहेर कुणीतरी
आंब्याचा भाव ओरडत गेलं.
"जाळीच नाय," ते म्हणाले,
"मग वळली कशाला?"

मी कॅमेऱ्यामागं गेलो.
हनुवटी खाली, म्हणालो.

पहिला फोटो हलला. दुसराही.
तिसरा नीट आला:
दोन्ही कान दिसतात, मागं निळा पडदा,
आणि पडद्यामागचं काही दिसत नाही.