स्वतःच्या विनंतीवरून

तळघरात उतरणाऱ्याला आधी वास येतो,
ओल्या पुठ्ठ्याचा आणि तापलेल्या पाइपांचा.
मग मी दिसते.
एकवीस वर्षं मी इथे फायली काढून देते,
ओस्त्रावाच्या या इस्पितळात,
जिथल्या उंचावरच्या खिडकीतून फक्त
माणसांचे घोटे दिसतात आणि बर्फावर टाकलेलं मीठ.

माझ्या मागे भिंतीवर रुग्णाचे हक्क.
लॅमिनेट केलेले. एक कोपरा सुटतो,
मी चिकटपट्टी लावते, तो पुन्हा सुटतो.
माहितीचा. संमतीचा. नकाराचा.
स्वतःची फाइल बघण्याचा.
वाचायला कुणी थांबत नाही.
लोक त्याखाली छत्र्या टेकवून ठेवतात.

योलाना कोत्लारोवा थांबली.
ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं तिनं, मग म्हणाली,
शहाऐंशीचा मार्च. माझं पोट.
काय लिहिलंय ते बघायचंय.

फाइल नव्हती.
मुदत संपली की फायली यंत्रात जातात,
त्यांच्या शेवया होतात.
हे वाक्य मी इतक्या बायकांना सांगितलंय
की आता ते माझ्याआधीच तोंडातून निघतं.
त्या मान डोलावतात. उठतात.
ट्रामचं तिकीट हातातच असतं.

ही उठली नाही.
"दुसरीकडे असेल," म्हणाली,
"तुमच्यात सगळं दोनदा लिहितात."

खरं होतं. शस्त्रक्रियांची वही,
हिरव्या कापडात बांधलेली, मांडीवर न मावणारी.
अकरा मार्च, चौथी ओळ.
नाव. आडनाव, चुकीचं. वय बावीस.
सिझेरियन, दुसरं.
आणि त्याला लागून, त्याच शाईत, त्याच दमात
एक लॅटिन शब्द.
शेवटच्या रकान्यात: स्वतःच्या विनंतीवरून.

त्या शब्दाचा अर्थ मी सांगू लागले.
तिनं हात वर केला. तो तिला केव्हाच कळला होता,
तिसरं मूल होईना तेव्हा.
विनंती मात्र आज कळली.

"कळा येत होत्या," ती वहीशी बोलावं तशी बोलली.
"नर्सनं पाटी पोटावरच धरली.
मला वाटलं, बाळाच्या नावाचा कागद.
विचारलंसुद्धा, मुलगी झाली तर कुठं लिहायचं?
ती म्हणाली, तू सही कर गं, मग बघू."

अडलेल्या बाईची सही कशी असते
ते या वह्यांनी मला दाखवलंय.
पहिलं अक्षर जागेवर,
मग जिन्यात पाय निसटावा तशी रेघ.

झेरॉक्स काढली.
काचेखालून उजेड सरकत गेला
आणि यंत्रानं तिचं बाविसावं वर्ष
कोमट करून बाहेर टाकलं.

"प्रत मिळाल्याची पावती. इथे सही,"
मी बोट ठेवून म्हटलं, सवयीनं.
तिनं पेन खाली ठेवलं.
"वाचून दाखवा."
"अहो, पावतीच आहे."
"सगळं."

दारात तिघं ताटकळत होती,
एकाचा हात गळ्यात बांधलेला.
मी वाचलं. वरचं, खालचं,
मग ते बारीक अक्षरातलं,
जे मी स्वतः कधी वाचलं नव्हतं.
एका वाक्यापाशी तिनं अडवलं, म्हणजे काय?
मला सांगता येईना. मी वर फोन लावला.
वरही कुणाला सांगता येईना.

"आणि नाव चुकलंय," ती म्हणाली.
कोत्लारोवातल्या 'ला'वर तिरकी रेघ हवी.
वहीतही नव्हती.
मी पेनानं दिली.
तिनं नखानं चाचपून पाहिलं, वाळली का.

सही केली नाही.
कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातला.
"मुलाला दाखवते. विचार करते. गुरुवारी येईन."
असं चालत नाही, हे मी म्हणायला हवं होतं.
गळ्यात हात बांधलेला माणूस पुढे सरकला होता.

तीन गुरुवार झाले.
जावक रजिस्टरात तिच्या ओळीचा शेवटचा रकाना
रिकामा ठेवता येत नाही, तपासणी असते.
मी तिथे लिहिलंय:
बाई विचार करत आहेत.